म्हैस आपली, चरवी कुणाची?

लॅपटॉप उत्तम चालतोय. बॅटरी दीड तासाच्या वर टिकत नाही, एक बिजागरी करकरते, पण ऑफिसचं प्रेझेंटेशन, रात्रीची वेब सिरीज आणि महिनाअखेरीचा हिशेब एवढं सगळं तो बिनतक्रार करतो. तरीही तो 'म्हातारा' ठरलाय. कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या अपडेट्ससाठी वर्षभराची जादा मुदत मिळाली, पण मुदत ती मुदतच. विंडोज ११ घालायचं म्हटलं, तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. तुमचं मशीन २०१६ चं असेल, तर ते कितीही धडधाकट असो, दारातूनच परत.

तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या फ्रीलान्सर मंडळींमध्ये एकच चर्चा. नवा लॅपटॉप घ्यावा? म्हणजे चाळीस-पन्नास हजारांना फोडणी. आहे तसंच वापरत राहावं? म्हणजे दाराला कुलूप न लावता गावाला जाणं. की कुणाकडून तरी 'क्रॅक' आणावा? पर्याय तीनच आहेत असं समजून सगळे वाद घालतात. चौथा पर्याय कुणी काढला, की लगेच आवाज येतो, "ते लिनक्स-बिनक्स इंजिनीअर लोकांचं असतं गं!"

तर मंडळी, या आठवड्यात चौथ्या पर्यायाबद्दल. ओपन सोर्स, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. आणि ते समजून घ्यायला माझ्याकडे एक बरं उदाहरण आहे, म्हशींचं.

गोठा सरकारचा, म्हैस मालकाची

मी राहते आरे कॉलनीत, रॉयल पाम्सच्या बाजूला. आरे म्हटलं की बाकीच्या मुंबईला पिकनिक पॉइंट, छोटा काश्मीर, बिबट्या आणि कारशेडचा वाद आठवतो. पण ही कॉलनी वसवली ती म्हशींसाठी. १९४९ मध्ये, शहरभर दाटीवाटीने उभे असलेले तबेले बाहेर हलवावेत आणि मुंबईला स्वच्छ दूध मिळावं म्हणून. त्या वेळचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांचा हा प्रकल्प. १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी उद्घाटन केलं. सुमारे १,३०० हेक्टर जागा, ३२ युनिट आणि साधारण १६ हजार जनावरांची सोय. आजही इथला पत्ता 'युनिट नंबर अमुक' असाच सांगतात.

यातली मजा पुढे आहे. जमीन आणि गोठा सरकारचा. म्हैस खासगी मालकाची. आणि ती म्हैस त्या गोठ्यात बांधायला लागतं लायसन्स. मालक म्हशीला 'माझी' म्हणू शकतो. गोठ्याला नाही.

आता आपल्या लॅपटॉपकडे बघा. 'मी ऑफिस विकत घेतलं' असं आपण म्हणतो, पण विकत काही घेतलेलं नसतं. आपण घेतो ते वापरायचं लायसन्स. गोठा कंपनीचा. मासिक वर्गणीवालं सॉफ्टवेअर असेल, तर भाडं थांबलं की दार बंद. त्यात बांधलेली म्हैस मात्र आपली असते. आपले बायोडेटा, भाडेकरार, लग्नाच्या खर्चाची शीट, अर्धवट कादंबरी, पोरांचे फोटो. इथपर्यंत ठीक आहे, गोठा भाड्याचा असायला कुणाची हरकत नाही.

पण दूध काढायची चरवीसुद्धा गोठेवाल्याचीच असेल तर? म्हणजे फाइलचा साचा असा, की ती फक्त त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते? मग कंपनीने भाडं वाढवलं, ते सॉफ्टवेअर बंद केलं, किंवा कंपनीच दुसऱ्या कुणी विकत घेतली, की म्हैस आपली असूनही दूध तिचं.

सॉफ्टवेअर निवडताना आपण 'दिसायला कसं आहे' आणि 'केवढ्याला आहे' एवढंच विचारतो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा. उद्या इथून बाहेर पडायचं ठरवलं, तर माझं सामान घेऊन बाहेर पडता येईल का?

फुकट वेगळं, मुक्त वेगळं

इथे एक गोंधळ कायम होतो. फुकट सॉफ्टवेअर आणि मुक्त सॉफ्टवेअर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांचं लाडकं दाविंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं, पण ते मुक्त नाही. त्याचा सोर्स कोड, म्हणजे ते ज्या सूचनांनी बनलंय त्या, कंपनीच्या तिजोरीत. जीमेलचंही तेच. उद्या कंपनीचा विचार बदलला, तर 'फुकट' हा शब्द एका रात्रीत पुसला जाऊ शकतो.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चार परवानग्या लायसन्समध्येच लिहून दिलेल्या असतात. कुठल्याही कामासाठी वापरा. आतून कसं चालतं ते बघा. मित्राला कॉपी द्या. आणि हवा तसा बदल करून बदललेली आवृत्तीही वाटा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला तो या विचारातून. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉर्वल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि दोन्ही प्रवाह एकत्र आले. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच लिनक्सचा गाभा आहे. म्हणजे 'ते इंजिनीअर लोकांचं' वापरून तुम्ही रोज सकाळी दूधवाल्याचे पैसे देता!

या परवानग्यांचा साध्या माणसाला उपयोग काय? आपण थोडेच कोड उघडून बसणार आहोत? बरोबर. पण लिबरऑफिसची गोष्ट ऐका. स्टारऑफिस नावाचं एक जर्मन सॉफ्टवेअर होतं. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ते घेतलं आणि पुढे त्याचा कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस आलं. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनीच विकत घेतली. ओपनऑफिसवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांना नव्या मालकाच्या हाताखाली प्रकल्पाचं भवितव्य काही खरं वाटेना. बंदिस्त सॉफ्टवेअर असतं, तर हळहळून गप्प बसावं लागलं असतं. इथे त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तोच कोड घेतला, नवी संस्था काढली आणि लिबरऑफिस सुरू केलं. वापरणाऱ्यांच्या फाइल्स जशा होत्या तशा उघडत राहिल्या. कोड तुम्ही आयुष्यात कधी बघणार नाही, पण तो उघडा होता म्हणून तुमचं सामान रस्त्यावर आलं नाही.

काकूंच्या कैऱ्या

मराठी माणसाला हे सगळं तत्त्वज्ञान म्हणून सांगायची खरं तर गरज नाही. त्याने ते भोगलंय.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे आमच्या काकूंनी, वीस-बावीस वर्षांपूर्वी डीटीपीचा क्लास लावला होता आणि सराव म्हणून घरातल्या सगळ्या रेसिपीज टाइप केल्या होत्या. आजेसासूबाईंच्या हातच्या, माहेरच्या, शेजारच्या गुजराती बेनच्या. दीडशेच्या वर पानं. काकू आता नाहीत. गेल्या वर्षी काकांना वाटलं, मुलीला आणि सुनेला त्याची छापील प्रत द्यावी. जुनी सीडी सापडली, फाइलही सापडली. ती उघडणारं सॉफ्टवेअर मात्र आता मिळत नाही, आणि कशीबशी उघडली तर समोर मराठीच नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, त्यांच्यावर टोप्या, टिंबं, शेपट्या. "अगं, ही रांगोळी कुणी काढली?" काका म्हणाले. हसत म्हणाले, पण चेहरा हसरा नव्हता.

असं का होतं? युनिकोड रुळायच्या आधीचे मराठी फॉन्ट एक युक्ती करायचे. संगणकाला ते सांगायचे की हे इंग्रजी 'ए' आहे, आणि स्क्रीनवर दाखवायचे 'अ'चं चित्र. प्रत्येक कंपनीची चित्रांची मांडणी वेगळी. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की रांगोळी. १९९० आणि २००० च्या दशकांतली मराठीतली कितीतरी पुस्तकं, अंक, पत्रिका, सोसायट्यांची इतिवृत्तं या पद्धतीने टाइप झाली. म्हैस आपली, चरवी फॉन्टवाल्याची, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

काकांची फाइल आम्ही लिबरऑफिसमध्ये उघडली. हे सॉफ्टवेअर या बाबतीत जरा भंगारवाल्यासारखं आहे, जुनं काहीही टाकून देत नाही. बंद पडलेल्या पेजमेकरच्या, जुन्या कोरलड्रॉच्या, वर्डपरफेक्टच्या फाइल्स वाचणारे फिल्टर त्यात आहेत. कुणाला तरी गरज वाटली, त्याने लिहिले, आणि कोड खुला असल्याने ते सगळ्यांचे झाले. मग त्यातला मजकूर फॉन्ट कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला. नव्वद टक्के काम झालं. राहिला तो 'ऱ्य'. कैऱ्यांच्या सगळ्या 'कैर्या' झाल्या होत्या आणि वऱ्याचे तांदूळ 'वर्याचे'. मराठीचा तो आडवा, पापणीसारखा र हिंदीत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेली यंत्रं तिथे हमखास अडखळतात. काकांनी दोन आठवडे बसून एकेक कैरी दुरुस्त केली. छापील प्रती दिवाळीत दोन्ही घरी पोचल्या.

यातून घ्यायचा धडा साधा. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, मग फॉन्ट कुठलाही असो, 'क' हा 'क'च राहतो. (मराठीला हवा असलेला 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला. त्याआधी 'ॲप' लिहायचं म्हणजे कसरत!) आणि आता फॉन्टही मुक्त मिळतात. रेड हॅटने खुला केलेला लोहित मराठी आहे. मुंबईच्याच एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाचे मुक्ता आणि बलू आहेत, जे तुम्ही असंख्य जाहिरातींत आणि वेबसाइटवर नकळत पाहिले असतील. लग्नपत्रिकेपासून पुस्तकापर्यंत कुठेही वापरा, कुणी बिल पाठवणार नाही.

शेजारच्या गल्लीत

'पण हे खरंच कुणी वापरतं का?' हा पुढचा प्रश्न. उत्तरासाठी लांब जायला नको.

आरेच्या कडेने जाणारा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड धरा आणि पूर्वेला चला, आयआयटी मुंबईचं पवईचं गेट लागेल. तिथल्या प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प केंद्र सरकारच्या पैशातून चालला. दहा-दहा मिनिटांचे छोटे धडे, स्क्रीनवर करून दाखवलेले, आणि आवाज आपल्या भाषेत, मराठीतसुद्धा. लिनक्स, लिबरऑफिस, गिम्प, इंकस्केप असे बरेच विषय. धडा ऐकायचा, थांबवायचा, शेजारच्या खिडकीत स्वतः करून बघायचं. क्लास नाही, फी नाही. याच आयआयटीतला 'फॉसी' प्रकल्प अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना महागड्या पॅकेजेसऐवजी मुक्त सॉफ्टवेअरकडे वळवायचं काम करतो.

कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण चढलातच तर लक्षात ठेवा, देशभरातल्या जिल्हा न्यायालयांत खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली मुक्त सॉफ्टवेअरवर उभी आहे, आणि ती घडवली एनआयसीच्या पुण्याच्या चमूने. ई-कोर्ट प्रकल्पात न्यायाधीशांना जे लॅपटॉप दिले गेले, त्यांवर उबुंटू लिनक्स होतं. 'तारीख पे तारीख' ज्यावर चढते ते यंत्र लिनक्सवर चालतं, बॉस!

आणि आमच्या घराजवळची चित्रनगरी. फिल्मसिटीमुळे रॉयल पाम्समध्ये एडिटर, ॲनिमेटर, साउंडवाले, उद्याचे स्टार असे सगळे भाड्याने राहतात. यांच्यातल्या कित्येकांना वाटतं की मोठं काम करायचं तर महागडं सॉफ्टवेअरच लागतं, आणि परवडत नसेल तर क्रॅक. त्यांच्यासाठी एकच बातमी पुरे. मार्च २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं ते लाटव्हियाच्या 'फ्लो'ला. तो बनला ब्लेंडरमध्ये. ब्लेंडर मुक्त आहे, मोफत आहे, आणि आत्ता या क्षणी तुम्ही ते उतरवून घेऊ शकता. पुढचं ऑस्कर तुमचं तुम्ही बघा.

क्रॅकचा विषय निघालाच आहे तर एक मिनिट गंभीर होऊ. लॅमिंग्टन रोडवरून असेम्बल केलेल्या पीसीवर 'सगळं टाकून' मिळायचं त्या काळापासून आपल्याला हे पाप वाटतच नाही. पण कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब नीट वाचा. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत माहीत असून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि किमान ५० हजार ते दोन लाखांपर्यंत दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. आता तुमच्या बिलावर जीएसटी नंबर असेल, तर 'धंद्यासाठी नाही' हे कसं सांगणार, ते ठरवा. शिवाय क्रॅकसोबत आत काय काय येतं, हे तो देणाऱ्यालाही माहीत नसतं.

कुठे अडेल?

आता दुसरी बाजू. मुक्त सॉफ्टवेअरचे भक्त ही सांगत नाहीत, म्हणून लोक एकदा आपटतात आणि पुन्हा वाटेला जात नाहीत.

टॅलीची लिनक्सवर थेट चालणारी आवृत्ती नाही. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, प्रीमियरचीही नाही. तुमचा क्लायंट रोज लेअरवाल्या फाइल्स पाठवत असेल आणि त्याच साच्यात परत मागत असेल, तर गिम्पवर हट्टाने काम करणं म्हणजे धंदा बुडवणं. ऑफिसातल्या एक्सेलमध्ये मॅक्रोंचं जंगल असेल, तर लिबरऑफिस कॅल्कमध्ये ते तसंच्या तसं चालेल याची खात्री नाही. वर्डमधला नक्षीदार बायोडेटा इकडे उघडला की कधी कधी ओळी सरकतात. डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन वापरत असाल, जुना प्रिंटर असेल, ऑनलाइन गेम खेळत असाल, तर आधी तपासा.

आणि सवय हा खर्च धरायला विसरू नका. पहिले पंधरा दिवस बटणं सापडत नाहीत, चिडचिड होते. डेडलाइनच्या आठवड्यात हा प्रयोग करू नका. घरातल्या मोठ्यांच्या मशीनवर तर त्यांना न विचारता अजिबात नको. बाबांच्या शेअर्सच्या शीटला हात लावला, तर लिनक्सच काय, रेशनकार्डातूनही नाव कमी होईल.

माझं म्हणणं एवढंच. सगळं बदला असं नाही. जे बदलल्याने नुकसान नाही ते आधी बदला. बाकीचं राहू दे.

सुरुवात अशी करा

एक. ऑपरेटिंग सिस्टिमला हात न लावता, आहे त्या विंडोजवरच ॲप्स बदला. व्हिडिओसाठी व्हीएलसी बहुतेकांकडे असतंच. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २००१ पासून मुक्त आहे. ब्राउझरसाठी फायरफॉक्स, मेलसाठी थंडरबर्ड, आवाज कापायला ऑडॅसिटी, स्क्रीन रेकॉर्डिंगला ओबीएस, चित्र काढायला क्रिता, लोगोसाठी इंकस्केप. एका वेळी एकच. दोन आठवडे वापरा, मग पुढचं.

दोन. लिबरऑफिस घ्या आणि मेनू मराठीत करून बघा. 'फाइल'च्या खाली मराठी वाचताना पहिल्या दिवशी गंमत वाटते, आठव्या दिवशी आईही वापरायला लागते. स्वतःच्या फाइल्स ओडीटी आणि ओडीएस या खुल्या साच्यात ठेवा. २००६ पासून हा आंतरराष्ट्रीय मानक साचा आहे. म्हणजे चरवी कुणा एकाची नाही. दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ किंवा तो मागेल तो साचा द्या, तिथे तत्त्वाला चिकटून बसू नका.

तीन. मराठी टाइप करताना युनिकोडच. जुन्या फॉन्टमधलं काही घरात पडलं असेल, तर ते उघडणारं मशीन जिवंत आहे तोवर बदलून घ्या. हे काम पुढच्या रविवारी नाही, या रविवारी.

चार. हे सगळं जमलं की मगच लिनक्स. नवख्यांसाठी लिनक्स मिंट किंवा उबुंटू. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर आराम, म्हणजे 'म्हातारा' ठरलेला लॅपटॉपही पळतो. पेनड्राइव्हवर टाकून आतलं काहीही न पुसता नुसतं चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर, मराठी की-बोर्ड, सगळं तपासा. आवडलं तरच बसवा.

पाच. बसवण्याआधी बॅकअप. दोन जागी. यावर चर्चा नाही.

सहा. सॉफ्टवेअर त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच उतरवा. सर्चमध्ये सगळ्यात वर 'जाहिरात' म्हणून दिसतं त्यावरून नाही. नावाजलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या नकली साइट बनवून व्हायरस वाटणं हा एक तेजीतला धंदा आहे.

फुकट ते पौष्टिक?

शेवटी एक गोष्ट, जी आपण सोयीस्करपणे विसरतो. आपल्याला फुकट मिळतं, म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी वेळ गेलेला असतो.

मार्च २०२४ मध्ये एक थरारनाट्य घडलं. फाइल्स आवळून लहान करणारी 'एक्सझेड' नावाची एक छोटीशी गोष्ट, पण ती जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. तिची निगा वर्षानुवर्षं एक माणूस जवळजवळ एकटाच, फावल्या वेळात राखत होता. थकला होता. मदतीला एक 'स्वयंसेवक' आला, दोन-अडीच वर्षं गोड बोलून विश्वास मिळवला आणि हळूच त्यात चोरदार बसवलं. सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनीअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद उशीर का होतोय हा प्रश्न पडला आणि तो खणत गेला. कोड उघडा होता म्हणून त्याला खणता आलं. आणि हा फ्रॉइंड नोकरीला कुठे होता? मायक्रोसॉफ्टमध्ये! घ्या.

याचा अर्थ मुक्त म्हणजे आपोआप सुरक्षित, असं नाही. कुणीतरी जागं असावं लागतं. सगळ्यांच्या मालकीचं जे काही असतं ते आपोआप टिकत नाही, हे आरेत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २०१९ मध्ये इथे रात्रीतून झाडं पडायला लागली, तेव्हा लोक धावत आले. तरी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती.

व्हीएलसीची वेबसाइट २०२२ मध्ये भारतात काही महिने बंद होती. तो प्रकल्प चालवणाऱ्यांनी कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्या मधल्या काळात व्हीएलसीवर सिनेमे बघणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना पत्ता होता?

म्हणून एक सुचवते. वर्गणीवालं एखादं सॉफ्टवेअर सोडलंत, तर वाचलेल्या पैशातला एका महिन्याचा हिस्सा वर्षातून एकदा त्या मुक्त प्रकल्पाला द्या. पैसे नसतील तर वेळ द्या. लिबरऑफिस आणि फायरफॉक्सचं मराठीकरण स्वयंसेवकांच्या बळावर चालतं. एखादा मेनू चुकीच्या मराठीत दिसला, तर त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून हसण्याऐवजी तो दुरुस्त करून पाठवा. बंदिस्त सॉफ्टवेअरमधली चूक आपण फक्त सहन करू शकतो. इथे ती काढूही शकतो. काकांनी एकेक कैरी हाताने नीट केली तसंच हे. फरक इतकाच, की इथे एकाने नीट केलेली कैरी पुढच्या सगळ्यांना नीट मिळते.

नवा लॅपटॉप घ्यायचाच असेल, तर खुशाल घ्या. विंडोजवर राहायचं असेल, खुशाल राहा. फक्त पुढच्या वेळी कुठलंही सॉफ्टवेअर उतरवताना 'आय ॲग्री'वर बोट ठेवण्यापूर्वी पाच सेकंद थांबा आणि स्वतःला विचारा, इथे मी जे काही साठवणार आहे, ते दहा वर्षांनी, या कंपनीला न विचारता, मला उघडता येईल का?

उत्तर 'हो' असेल तर बिनधास्त बांधा म्हैस.